पळसमाळचं दोन पुरुष पाणी

१

विहिरीतलं पाणी चोरीला गेलं होतं.

विमलबाईंना दुसरा शब्दच सुचेना. बारा दिवसांपूर्वी याच काठावर उभं राहून त्यांनी दोराला दगड बांधून आत सोडला होता आणि दोराची ओली लांबी स्वतःच्या हाताने मोजली होती. दोन पुरुष पाणी भरलं होतं, दोन माणसं एकावर एक उभी राहिली तरी बुडतील एवढं. कपडे शिवून पोट भरणाऱ्या बाईची मापात चूक होत नसते. झाली तर गिऱ्हाईक पोलकं तोंडावर फेकतं. आणि आज आत नुसता चिखल होता. चिखलात एक बेडूक बसला होता, आणि तोही फारसा खूष दिसत नव्हता.

"नशीब समजा, बाई," जमिनींची दलाली करणारा पोपट म्हणाला. तो कर्जतचा, पायात कॅनव्हासचे बूट, बोलण्यात मुंबईचं वारं. "खरेदीखत सोमवारी व्हायचं हाय. झाल्यावर आटली असती तर? सोडा ही जमीन. खालापूरच्या अंगाला एक तुकडा हाय. जरा महाग पडंल, पन पानी पक्कं."

गेल्या वर्षी गोदीत जहाज फुटलं त्यात विमलबाईंचा नवरा मोरू गेला आणि मांडवीतली खोलीही गेली. नुकसानभरपाईची रक्कम हातात पडली ती त्यांनी पदराच्या गाठीत नव्हे, डोक्यात बांधली होती: हिच्यातून जमीन आणि हिच्यातूनच छप्पर. दोन मुलींना घेऊन त्या परळला दिराच्या खोलीत राहत होत्या. दिराच्या मुलाचं लग्न ज्येष्ठात ठरलं होतं. मृग लागायच्या आत कोपरा मोकळा करा, असं जाऊबाईंनी गोड आवाजात सांगून झालं होतं.

वर्षभरात सोळा जागा पाहिल्या. पाणी होतं तिथे भाव परवडत नव्हता, भाव परवडला तिथे पाणी नव्हतं, आणि दोन्ही जमलं तिथे एकटी बाई आलीय म्हटल्यावर मालकाने भाव चढवला होता. सतरावी जागा ही, कर्जतहून कोंडाण्याकडे जाताना डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या पळसमाळची. दोन एकर माळ, बारमाही विहीर. मालकीण गौराबाई. जमीन तिला बापाने आंदण दिलेली, तिच्याच नावावरची. ती एकरकमी दोन एकर विकणार होती, तुकडा तोडून द्यायला तयार नव्हती. विमलबाईंनी ओढूनताणून तेवढे पैसे जमवले आणि पाच जणांसमोर सुपारी फुटली.

या मुलखात सुपारी फुटली की झालं. कागद नंतर. सुपारी फुटल्यावर जो शब्द फिरवेल त्याच्या घरी पुन्हा कुणी सोयरीक घेऊन जात नाही.

"पोपटराव," विमलबाई म्हणाल्या, "दोन पुरुष पाणी बारा दिवसांत आटत नाही. ते कुठे गेलं हे कळल्याशिवाय मी इथून हलणार नाही."

पोपटने बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली. तो चिडला की असंच करायचा.

२

कर्जतला विमलबाई ज्यांच्या पडवीत उतरल्या होत्या ते कोंडाजी मुकादम रेल्वेतून निवृत्त झालेले. तीस वर्षं घाटातल्या रुळांवरून रोज चालायचं आणि कुठली पाचर ढिली झालीय, कुठला स्लीपर खचलाय ते बघायचं, हे त्यांचं काम. त्यामुळे माणूस चालताना वर कधी बघत नसे. बायको अंबाबाई म्हणायची की लग्नातसुद्धा त्यांनी आधी तिची पावलं पाहिली आणि तोंड दुसऱ्या दिवशी.

त्यांनी विहिरीभोवती तीन फेऱ्या मारल्या. मग काठावर बसले.

"आटलेल्या हिरीचा चिखल कडंला भेगाळतो, बाई. ह्यो भेगाळला नाय. भिंतीवर पान्याची रेघ बघा, शेवाळ अजून वलं हाय. म्हंजे पानी हळूहळू खाली गेलं नाय, एका दमात गेलं."

"उपसलं कुणीतरी?"

कोंडाजींनी मोटेच्या लाकडी चाकाला बोट लावून ते नाकाशी नेलं. गौराबाईचा मुलगा गजा पलटणीत गेला तेव्हापासून, म्हणजे चार वर्षं, या विहिरीवर बैलांची मोट चालली नव्हती; बायका हातानेच कळशी ओढत. चाकाच्या कण्यावर मात्र ताजं करंजाचं तेल होतं.

"मोट चालली हितं. बादलीनं हे काम व्हायचं नाय. पन माझं डोकं दुसऱ्याच गोष्टीनं खाल्लंय."

"कसल्या?"

"बारमाही हीर हाय. उपसली तरी दोन दिसांत झरा ती भरून काढतो. ही भरली का नाय?"

३

गौराबाईचं घर माळाच्या वरच्या टोकाला होतं. साठीची, काटक बाई. तिने पळसाच्या पानावर करवंदं आणून ठेवली. तिच्या उजव्या हाताचं मधलं बोट विळ्याने कापलं तेव्हापासून तळव्याकडे आखडलेलं होतं. पान धरतानाही ते सरळ होईना.

"काय सांगू बाय," ती विमलबाईंकडे न बघता म्हणाली. "हिरीनं दगा दिला. तुमी बयाना परत घ्या. सुपारी तुमी मोडलीत तर कुनी तुमाला बोल लावनार नाय. बिनपान्याची जमीन कोन घेईल?"

"जमीन विकायची पहिल्यांदा कुनाला ईचारली व्हती?" कोंडाजींनी विचारलं.

"भिवाजीला. शेजारचाच, दिरासारखा हाय. शिमग्यातच ईचारलं. म्हनला, वयनी, मला माझी हाय तीच कसवत नाय."

बाहेर पडताना विमलबाईंची नजर अंगणातल्या बांबूवर गेली. वर एक पुरुषी सदरा वाळत होता. घड्यांच्या जागी पिवळ्या रेघा पडलेल्या, म्हणजे बरीच वर्षं पेटीत होता. खांद्याची उसवण मात्र नव्या दोऱ्याने शिवलेली. चार वर्षं एकट्या राहणाऱ्या बाईच्या अंगणात, हे त्यांच्या मनात आलं. मग पोपट बोलायला लागला आणि ते मागे पडलं.

"सोपं हाय," पोपट म्हणत होता. "त्या कातकऱ्याला ईचारा. जैतूची सगळी वाडी या हिरीवर पानी भरते. नवी मालकीन आली तर भरू देईल का? त्यांनीच काहीतरी केलं असनार."

जैतू वाटेतच भेटला, डोक्यावर सरपणाची मोळी. त्याने मोळी खाली ठेवली, पोपटकडे पाहिलंच नाही.

"हीर आटवून आमी काय पिऊ, बाई?" तो शांतपणे म्हणाला. "सात दिस झाले, माझी हिरू वहाळातला खड्डा उकरून पानी आनते. अर्धा कोस."

विमलबाईंना स्वतःची लाज वाटली. क्षणभर का होईना, पोपटचं म्हणणं त्यांना खरं वाटलं होतं.

"जैतू, मोट चाललेली आयकलीस का रं?" कोंडाजी म्हणाले.

"आयकली. गावदेवीची जत्रा व्हती त्या दिशी. सगला गाव तिकडं. मी वर डोंगरात व्हतो. भर दुपारी चाक कुईकुई वाजाया लागलं. मंग एकदम गप झालं."

"तेल घातलं," कोंडाजी स्वतःशीच म्हणाले. "जत्रेला सात दिस झाले."

त्या दिवशी आपण कुठे होतो हे पोपटने न विचारताच सांगितलं: खालापूरला, गिऱ्हाईक घेऊन. कोंडाजी नुसतं हं म्हणाले आणि विहिरीच्या पाटाच्या कडेने उतरू लागले. पाट कोरडा होता, पण तळाला बारीक गाळ बसून त्याच्या खपल्या उडाल्या होत्या. पाट जिथे संपत होता तिथे भिवाजीचं शेत लागत होतं.

भिवाजी बांधावर बसून दोर वळत होता. पन्नाशीचा, कमी बोलणारा. शेजारी भाताचं रोप तयार करायचा त्याचा वाफा होता. वाफ्यावर सागाच्या डहाळ्या हारीने अंथरल्या होत्या.

"काय चाललंय?" कोंडाजींनी विचारलं.

"राब करतोय," भिवाजी म्हणाला. "पाला जालायचा हाय."

यात विमलबाईंना काहीच वावगं दिसलं नाही. पावसाआधी वाफ्यावर पाला जाळतात आणि त्या राखेत भात पेरतात, एवढं त्यांनाही आता ठाऊक झालं होतं. पण दहा पावलं पुढे गेल्यावर कोंडाजी थांबले.

"बाई, राबाचा पाला थंडीत तोडत्यात. तो वाळवून कडक करत्यात. ह्यो पाला कालपरवाचा हाय, हिरवागार. हिरवा पाला कधी जळतो का? आनि बांधाचं गवत बघितलंत? करपलेलं हाय. ह्यो राब आधीच भाजून झालाय."

"मग पाला कशाला?"

"झाकायला," कोंडाजी म्हणाले आणि मागे वळले.

४

भिवाजी उठून आडवा आला, पण कोंडाजींनी वाकून पहिली डहाळी उचललीसुद्धा.

खाली भाताचे कोंब होते. दोन-दोन बोटं उंच, दाट, आणि उजेड न मिळाल्याने फिक्या पिवळ्या रंगाचे.

पोपटने बूट मागे घेतले. तो गावातच वाढला होता. त्याला सांगावं लागलं नाही. अक्षय तृतीयेचा मुहूर्त साधून या भागात कोरड्या राखेत भात टाकून ठेवतात, पण ते पाऊस पडेपर्यंत निजून असतं. आणि अख्ख्या तालुक्यात अजून आभाळाने एक थेंब गाळला नव्हता.

"हिरीतलं पानी हितं आलं," कोंडाजी म्हणाले. "मोटेचं पानी पाटानं उतरलं, भिवाजी, आनि तुझ्याच राबात शिरलं. पेरलेलं हाय हे घाईत ध्यानातच आलं नाय तुझ्या. पाचव्या दिशी कोंब दिसले. नांगरून टाकायचं तर बी गेलं. म्हनून झाकलंस."

भिवाजीने दोर खाली टाकला.

"बैल माजे. मोट मी हाकली. ही जमीन मला पायजे व्हती. झालं? आता पाटलाकडं न्या, नायतर कचेरीत न्या."

"सापडला," पोपट म्हणाला. "बाई, सोमवारच्या आत—"

"थांबा," विमलबाई म्हणाल्या.

त्यांचा संताप डोक्यापर्यंत चढला होता. दोन मुली, मृगाला उरलेले पंधरा दिवस, आणि हा माणूस बांधावर बसून दोर वळत होता. तरीही काहीतरी बसत नव्हतं. बाही उलटी लागली की कापड ओढ खातं, तसं.

"हे खोटं बोलताहेत, मुकादम. जमीन यांना शिमग्यातच देऊ केली होती. तेव्हा नको म्हणाले. आता चोरी करून कशाला हवी?"

कोंडाजींनी प्रथमच मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. "मलाबी तेच म्हनायचं व्हतं. भिवाजी, कुनासाठी केलंस?"

भिवाजीने तोंड मिटलं ते मिटलंच. कोंडाजींनी पंधरा प्रश्न विचारले, एकाचंही उत्तर आलं नाही.

"मग विहिरीलाच विचारते," विमलबाई म्हणाल्या. "शिडी आहे कुणाकडे?"

५

शिडी जैतूने आणली. कोंडाजी उतरायला निघाले, पण त्यांचा गुडघा दगा देईल म्हणून विमलबाई ऐकेनात. त्यांनी लुगड्याचा काचा मारला आणि त्या खाली उतरल्या. वर चार तोंडं वाकून बघत होती. पोपटचं सगळ्यात मागे.

तळाला घोट्याएवढा चिखल होता. उत्तरेच्या भिंतीत, कमरेच्या उंचीवर, दोन दगडांच्या मधली जागा बाकीच्या भिंतीपेक्षा वेगळी दिसत होती. विमलबाईंनी हात लावला. माती. शेण, माती आणि भाताचा कोंडा कालवून केलेलं लिंपण, बायका कणगीला लावतात तसलं. बोट खुपसल्यावर आत दगड आणि चिंध्या लागल्या. कडेने पाण्याचा बारीक झिरपा येत होता. झरा इथे होता आणि कुणीतरी तो बुजवला होता.

बुजवणाऱ्या पुरुषाने मातीचा गोळा नुसता थापला असता. इथे मात्र वरून सबंध हात फिरवला होता, जमीन सारवताना फिरवतात तसा, अर्धगोल, एकाला लागून एक. विहिरीच्या तळाशी ही नक्षी बघायला कोण येणार होतं? पण जन्मभर सारवलेल्या हाताला ते सुटत नाही. काम चोरीचं असलं तरी हात नीटनेटकेपणानेच फिरतो.

विमलबाईंनी उजवा पंजा त्या रेघांवर ठेवला. चार बोटांच्या चार रेघा असायला हव्या होत्या. प्रत्येक अर्धगोलात तीनच होत्या. पहिल्या रेघेनंतर बोटभर जागा कोरी होती.

मधलं बोट मातीला टेकलंच नव्हतं.

त्या वर आल्या तेव्हा त्यांच्या हाताला लिंपण लागलेलं होतं. कुणाशी न बोलता त्या तडक माळाच्या वरच्या टोकाकडे चालू लागल्या. भिवाजी मागून म्हणाला, "बाय, तिला काय बोलू नका," आणि तेव्हा सगळ्यांनाच कळलं.

गौराबाई दारात उभी होती. विमलबाईंचे हात पाहिले आणि ती उंबऱ्यावर बसली.

"गजा परत येतोय," विमलबाई म्हणाल्या. "म्हणूनच तो सदरा. पेटीतून काढलात, शिवलात."

गौराबाईने कनवटीचं पत्र काढलं. तीन वर्षांपूर्वी पलटणीने पोरगा बेपत्ता म्हणून कळवलं होतं. जमीन राखायची तरी कुणासाठी, म्हणून तिने ती विकायला काढली. सुपारी फुटली आणि तिसऱ्या दिवशी हे पत्र आलं. भिवाजीने तीन वेळा वाचून दाखवलं. गजा जर्मनांच्या कैदेतून सुटला होता. लिहिलं होतं, आई, माळावर आंब्याची कलमं लावीन, तेवढाच विचार करून तिथे दिवस काढले.

"शब्द कसा फिरवू?" गौराबाई म्हणाली. "मी मोडला तर त्याला पोरगी कोन देईल? वाटलं, तुमीच मोडाल. मुंबईची मानसं, तुमाला दुसरी जमीन मिळंल. भिवाजी नगंच म्हनत व्हता. मी पाया पडले त्याच्या. हीर माझ्या मालकानं खनली, झऱ्याचं तोंड मला ठावं व्हतं. सवता उतरले."

"मला सरळ विचारायचं होतंत."

"ईचारलं असतं तर?"

खोटं बोलणं सोपं होतं, पण विमलबाईंना ते जमलं नाही.

"नाही म्हटलं असतं," त्या म्हणाल्या. "सोळा जागा पाहून मी इथे पोचलेय. मी नाहीच म्हटलं असतं."

गौराबाईला या उत्तराचा राग आला नाही. उलट तिचा चेहरा जरा सैल झाला. आपल्यासारखंच कुणीतरी समोर आहे हे तिला तेव्हा कळलं असावं.

६

"चला, जाऊ द्या," पोपट म्हणाला. "खालापूरचा तुकडा—"

"मी जमीन सोडत नाहीये," विमलबाई म्हणाल्या. "गौराबाई, दोन एकर मला कधीच नको होती. तुम्ही तोडून देत नव्हता म्हणून घेत होते. मला घरापुरती आणि भाजीपाल्यापुरती वीस गुंठे द्या. त्याच भावाने. बाकीचे साठ गुंठे तुमचे, गजाचे. विहिरीत आठ आणे हिस्सा माझा, आठ आणे तुमचा, आणि जैतूची वाडी आजवर जशी पाणी भरत आली तशीच भरेल. हे कागदावर येईल."

"पन माझा शब्द दोन एकरांचा हाय," गौराबाई म्हणाली. "तो मोडलाच की."

"तुम्ही द्यायला तयार आहात ना?"

"हाय."

"मग शब्द कुठे मोडला? घेणारीनेच कमी घेतलं. तुम्ही देत होता, मी म्हटलं पुरे. यात तुम्हाला कोण नावं ठेवेल?"

कोंडाजी खाली बघत होते, पण त्यांच्या मिशा हलल्या. "रेल्वेत असत्या तर बाई सायेब झाल्या असत्या," ते म्हणाले.

"आणि राहिलेल्या पैशांत छपरावर गवताऐवजी कौलं येतील," विमलबाई म्हणाल्या. हा हिशेब त्यांनी शिडीवरून वर येता येताच केला होता, गुन्हेगार कोण हे कळल्यावर लगेच. माणूस घर शोधायला लागला की त्याची बुद्धी अशीच चालते. "एकच अट. झरा तुम्ही बुजवलात, तुम्हीच मोकळा करायचा. आत्ता."

गौराबाई उतरली. वर भिवाजीने शिडी धरली. चिंध्या ओढून काढल्या तेव्हा पाणी आधी गढूळ आलं, मग निवळलं, आणि शनिवारी संध्याकाळी कळशी बुडायला लागली. जैतूची हिरू पहिली आली.

सोमवारी कर्जतच्या रजिस्ट्रार कचेरीत गर्दी होती. पोपट दलाली चौथाईवर आली म्हणून तोंड पाडून बाकावर बसला होता. कारकून चष्म्यावरून बघत एकेक रकाना भरत होता. लिहून देणार, गौराबाई, अंगठा. लिहून घेणार, विमलबाई. त्यांनी सही केली, अक्षर सावकाश पण सुवाच्य.

"राहणार?" कारकुनाने विचारलं.

वर्षभर विमलबाईंनी या प्रश्नाला दिराचा पत्ता दिला होता. रेशनच्या कागदावर, नुकसानभरपाईच्या अर्जावर, शाळेत मुलींच्या नावापुढे, सगळीकडे. ते शब्द तोंडापर्यंत आले आणि त्यांनी ते गिळले.

"पळसमाळ."

"घर आहे तिथे?"

"अजून नाही."

"मग राहणार कसं लिहू, बाई? नियमाने जिथे राहता ते लिहावं लागतं."

मागून गौराबाई पुढे सरकली. तिच्या अंगठ्याची शाई अजून ओली होती. तो तिने लुगड्याला पुसला.

"लिवा ओ तुमी," ती म्हणाली. "पाया कालच खनून झालाय, मी सवता उभी व्हते. आनि तवर ती माझ्या घरात ऱ्हाते, पोरी घिऊन."

यातलं काहीच विमलबाईंना ठाऊक नव्हतं. त्या वळून गौराबाईकडे बघायला लागल्या. गौराबाई मात्र कारकुनाच्या हाताकडे बघत उभी होती, तो लिहितो की नाही म्हणून.

त्याने टाक दौतीत बुडवला आणि लिहिलं, राहणार पळसमाळ.